पालथा रांजण

वादळ येऊन गेलं तेव्हा माड बहुतेक उभे होते, पण साकव एकही शिल्लक नव्हता. एका माडाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत टाकलेले बांबू, पायाखाली एक आणि धरायला एक, सगळे मोडून चिखलात पडले होते. त्या साकवांवरून प्लासिदो उभा जन्म चालला होता. पहाटे पहिल्या माडावर चढायचं, जमिनीला पाय न लावता झाडामागून झाड घेत पोयी, म्हणजे माडाचे न उमललेले फुलोरे, छाटायच्या, साचलेली माडी पाठीवरच्या नळकांड्यात ओतायची आणि वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला उतरायचं. आता प्रत्येक झाड चढून उतरायचं म्हटलं तर तरुण गड्याचीही छाती फुटेल. आणि प्लासिदोचा गुडघा वादळात छप्पर आवळताना जो मुरगळला होता, तो अजून भोपळ्यासारखा सुजलेला.

वाडीचा मुकादम छत्री टेकत आला, वर बघितलं, खाली बघितलं.

"प्लासिदो, पोय रोज छाटली नाही तर आटते, हे मी तुला सांगायचं का?"

"ठाऊक आहे."

"मालकाला माडी पाहिजे. गावच्या सणापर्यंत साकव उभे राहिले तर झाडं तुझी. नाहीतर इस्को मागतोच आहे."

इस्को म्हणजे शेजारच्या वाडीतला माडी काढणारा. तोंडाचा गोड, हाताचा चपळ आणि दुसऱ्याच्या झाडांवर डोळा ठेवून असलेला. मुकादम गेल्यावर प्लासिदोनं मोडका बांबू पायानं ढकलला आणि गुडघ्यातून कळ आली तसा मटकन खाली बसला.

त्याच्या बायकोनं, रुफिनानं, त्याला न विचारता मुलाला निरोप धाडला. देल्फिन, त्यांचा एकुलता एक, खाली किनाऱ्यावरच्या गावात बर्फाच्या कारखान्यात होता. वर्षातून एकदा सणाला यायचा, पाहुण्यासारखा ओसरीच्या कडेला बसायचा आणि जायचा. या वेळी आला तो दुसऱ्या माणसाला घेऊन. माणूस बुटका, रुंद, मान उन्हानं करपलेली, तळहातांवर वेताचे जुने वळ.

"हा सेल्सो," देल्फिन म्हणाला. "समुद्रात बांबूचे कूड बांधतो, मासे अडवायचे. साकव बांधायला आलाय."

"समुद्रातला माणूस झाडावर काय करणार?"

"बांबू तोच आहे, तियो," सेल्सो म्हणाला. आमच्याकडे काकाच्या वयाच्या माणसाला तियो म्हणतात. "फक्त पडलो तर खाली पाणी नाही, एवढंच."

प्लासिदो हसला. माणूस बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला तर सेल्सो खांद्यावर कावड घेऊन झऱ्याची चढण चढून येत होता. स्वयंपाकघराबाहेरचा मोठा रांजण त्यानं काठोकाठ भरला. मग कुऱ्हाड घेतली आणि वादळात पडलेल्या फणसाचं सरपण फोडून भिंतीशी रचलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. प्लासिदो ओसरीवर गुडघा शेकत बघायचा आणि रुफिनाला म्हणायचा, "हा पाहुणा नाही, बैल आहे. असा एक मला पोटी असता तर!"

रुफिना तव्यावरची सुकी मासळी उलटायची.

दिवसभर काम चालायचं. एका माडावर देल्फिन, समोरच्या माडावर सेल्सो, मधे दोराला लटकत वर जाणारा लांब बांबू, आणि खाली काठीवर रेललेला प्लासिदो. वर वारा गार होता. झावळ्या कातडी ओरबाडत होत्या. दोघांच्या पोटऱ्या सालीवर घासून लाल झाल्या होत्या. पहिला साकव झाला तेव्हा प्लासिदोनं वर बघितलं आणि काठी आपटली.

"सोड! सोड ती गाठ!"

"का, तियो? हत्ती गेला तरी सुटणार नाही."

"म्हणूनच सोड. समुद्रात तुझा खांब एका जागी उभा असतो. इथं हे दोन माड. वारा आला की एक इकडे जातो, एक तिकडे, दोघांचा ताल वेगळा. घट्ट बांधलंस तर पहिल्या झोताला बांबू फाटेल. वेत दोनदा फिरव आणि मुठीएवढी ढील ठेव. सरकू दे त्याला."

सेल्सोनं गाठ सोडली. पुन्हा बांधली. खाली बघितलं. प्लासिदोनं मान हलवली. त्यानं पुन्हा सोडली. दुपार होईतो एकाच गाठीवर बसला, पण शेवटी वाऱ्याची झुळूक आली आणि बांबू बसल्या जागी पुढेमागे सरकला, जिवंत असल्यासारखा. प्लासिदोला बरं वाटलं. आपल्या मुलाला त्यानं हे कधी शिकवलं नव्हतं. देल्फिन लहानपणी उंचीला भ्यायचा आणि प्लासिदोनं तेवढ्यावरून त्याचा नाद सोडला होता. आता तोच देल्फिन वर शेंड्यात बसून सेल्सोच्या गाठीकडे बघत होता, आणि त्याचे पाय थरथरत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी गडी नेहमीप्रमाणे खोबऱ्याच्या शेडाबाहेर जमले. आमची रीत अशी की पेला एकच. एक जण ओततो, पेला सगळ्यांच्या हातून फिरतो. त्या दिवशी इस्को ओतत होता. सेल्सोनं पेला रिकामा करून परत दिला, तेव्हा इस्कोनं खिशातून फडका काढला आणि कड सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी पुसली.

"काय रे, पेल्याला काही लागलं का?" प्लासिदोनं विचारलं.

"नाही, आपली सवय." इस्को गालात हसत होता. "प्लासिदो, एक विचारू? तुझ्या घरी रोज पहाटे पाणी कोण भरतो?"

"सेल्सो भरतो. तुला काय?"

"सरपण कोण फोडतो?"

"तोच."

"बघा, म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत." इस्को बाकीच्यांकडे वळला. "आपल्या गावात न सांगता दुसऱ्याच्या घरचं पाणी कोण भरतो रे? आणि सरपण?"

कुणीतरी म्हणालं, "होणारा जावई."

ते लहान पोरालाही ठाऊक होतं. मुलगी मागायची तर आधी तिच्या बापाच्या घरी राबायचं. पाणी, सरपण, छप्पर. बापानं ते पाणी प्यायलं, त्या सरपणावर शिजलेला भात खाल्ला, म्हणजे मागणी ऐकून घेतली.

"मला मुलगी कुठंय?" प्लासिदो हसत म्हणाला.

"मुलगी नाही," इस्को म्हणाला, "पण मुलगा आहे ना."

कुणी हसलं, कुणी खोकलं. प्लासिदोनं सेल्सोकडे बघितलं. हा आता उठेल, इस्कोच्या थोबाडीत देईल, असं त्याला वाटलं. सेल्सो उठला नाही. त्यानं मान खालीही घातली नाही. प्लासिदोकडे सरळ बघत राहिला, उत्तराची वाट बघणारा माणूस बघतो तसा. देल्फिनचं तोंड मात्र राखेसारखं झालं होतं.

प्लासिदो लंगडत घरी आला. रुफिना भात वैरत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"आई आहे मी त्याची."

"आणि मला ते पाणी पाजत राहिलीस?"

"गोड लागत होतं ना?"

मागून देल्फिन आला. दारातच उभा राहिला. बापाला तो ताताय म्हणायचा, आईला नानाय.

"ताताय, इस्को म्हणाला ते खरं आहे. मी आणि सेल्सो एका घरात राहतो. संसार करतो म्हणा. किनाऱ्यावर कुणी विचारत नाही."

"मग तिथंच राहायचं होतं!"

"मी तेच म्हणत होतो. तो ऐकेना. म्हणाला, मागणी घालायची तर तुझ्या गावच्या रीतीनं घालणार, चोरासारखी नाही."

"मुलीला मागणी घालतात! बायल्याला नाही!"

शब्द तोंडातून गेला आणि चुलीतल्या लाकडाचा आवाज तेवढा राहिला. प्लासिदो तसाच बाहेर गेला, दोन्ही हातांनी रांजणाची कड धरली आणि गुडघ्याची पर्वा न करता तो पालथा केला. पाणी अंगणभर पसरलं, कोंबड्या ओरडत पळाल्या. पालथ्या रांजणाचा अर्थ सगळ्या गावाला कळत होता. तुझं पाणी नको, तूही नको.

सेल्सो अंगणाच्या कडेला पोचला होता. पाणी त्याच्या पायांपर्यंत वाहत आलं.

"चढणीवरून आणलं होतं, तियो," तो म्हणाला. "निदान मिरच्यांना घातलं असतं."

देल्फिननं दोघांची बोचकी उचलली. "साकव पुरे करू. ती झाडं गेली तर नानायचं कसं होणार? पुरे झाले की जाऊ, ताताय. मग सणालाही येणार नाही."

ते दोघं खोबऱ्याच्या शेडात राहायला गेले. दिवसा काम चालूच राहिलं. प्लासिदो खाली उभा राहायचा, पण ओरडायचा नाही. वरूनही कुणी विचारायचं नाही. गाठी ठीक पडत होत्या. पाणी आता रुफिना भरायची, कमरेवर घागर घेऊन, चढणीवर दोनदा थांबून. रांजण तिनं सुलटा केला नाही. पालथ्या रांजणाच्या बुडावर तिनं मिरच्या वाळत घातल्या.

"उचल तो तिथून," प्लासिदो म्हणाला.

"ज्यानं पालथा केला त्यानं उचलावा. माझ्या बापानं तू भरलेला रांजण दोनदा पालथा केला होता, आठवतं? बेटावरचा माणूस, बोली वेगळी, याचं रक्त वेगळं, म्हणायचा."

"मी पुन्हा भरला."

"भरलास. कारण मी दाराआडून खुणावत होते. या पोराला कोण खुणावणार? देल्फिनची आशाच मेली."

त्याच्या पुढच्या रविवारी प्लासिदो केस-दाढी करायला गेला. प्रार्थनाघराच्या बाजूला पिलारचं दुकान होतं. पिलारियो हे त्याचं खरं नाव, पण गाव पिलारच म्हणायचं. नखं रंगवलेली, कमरेला फुलांचं फडकं, सणाच्या मिरवणुकीत राणी होऊन सगळ्यात पुढे नाचणारा. तो नाचला की प्लासिदो सगळ्यांत जोरात हसायचा. दोघं एका वयाचे.

"ये जावईबापू," पिलार म्हणाला. "चुकलं, सासरेबुवा."

"तोंड बंद ठेव आणि काप."

पिलारनं वस्तरा पट्ट्यावर घासला. मग प्लासिदोच बोलला.

"मला कळत नाही. तो तुझ्यासारखा नाही. अंगानं बैल आहे. झाडावर माझ्यासारखा बसतो. असा माणूस, आणि..."

"मान हलवू नकोस." वस्तरा कानामागे आला. "म्हणजे माझं कळतं तुला."

"तुझं वेगळं. तू आपला... सगळे हसतात."

"हसतात. म्हणून मी चालतो." पिलारचा हात अजिबात थांबला नाही. "आणि त्या पोराचे हात राठ आहेत म्हणून तुझा जीव हळहळतोय. बरोबर? माझ्यासारखे मऊ असते, नखं रंगवलेली असती, तर रांजण पालथा करताना तुला काहीच वाटलं नसतं. उलट हसला असतास."

प्लासिदोनं आरशात बघितलं. आरशात स्वतःचा अर्धा भादरलेला गळा दिसत होता आणि त्यावर पिलारची रंगवलेली नखं.

"देल्फिन एवढासा होता तेव्हा माझ्या दुकानात बसायचा," पिलार म्हणाला. "तू आलास आणि कान धरून फरपटत नेलंस त्याला. तुला वाटलं, मी बिघडवीन. मी त्याला खुर्ची झाडायला लावायचो. आणि तो विचारायचा, पिलार, तुला एकटं राहायची भीती नाही का वाटत? एवढ्याशा पोरानं मला हे विचारलं. बापजन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, सवय होते. खोटं होतं ते." त्यानं वस्तरा पुसला. "तुझ्या पोराला कुणीतरी मिळालाय, जो उजेडात कावड घेऊन चढण चढतो. माझ्या दारात कुणी पेलाभर पाणी आणून ठेवलं असतं तर मी गावभर नाचलो असतो, मिरवणूक नसताना. झालं. ऊठ."

प्लासिदो उठला. दारापर्यंत जाऊन परत वळला.

"पिलार, मी हसायला नको होतं."

"हस रे. नाचतो मी हसवण्यासाठीच. पण इतर दिवशीही ओळख दे."

सणाच्या आदल्या आठवड्यात शेवटचा साकव झाला. मुकादम आला, इस्को आला, निम्मी वाडी गोळा झाली. आमच्यात नव्या साकवावर पहिला तो चालतो, ज्याला त्यावरून रोज चालायचंय. बांधणारा बरोबर खाली उभा राहतो, मधोमध, हलायचं नाही. गाठ सुटली तर माणूस त्याच्याच अंगावर यावा, हा त्याचा जामीन.

प्लासिदोनं कोयती कमरेला खोचली आणि चढायला लागला. प्रत्येक खाचेला गुडघा ओरडत होता. शेंड्याला पोचेपर्यंत पाठ घामानं निथळली. खाली सेल्सो साकवाखाली जाऊन उभा राहिला, हात सैल सोडून, वर बघत.

"जपून रे, सेल्सो," इस्को ओरडला. "सासरा अंगावर घ्यावा लागेल!"

हशा झाला. सेल्सो जागचा हलला नाही.

प्लासिदोनं बांबूवर पाय ठेवला. तळव्याला ओळखीचा गोल, थंड स्पर्श. दुसरा पाय. वारा आला, दोन्ही माड आपापल्या बाजूला झुकले आणि साकव मुठीएवढा सरकून पुन्हा जागेवर आला. कुरकुर नाही, फाटणं नाही. मधोमध पोचल्यावर तो थांबला. एवढ्या उंचीवरून त्याला स्वतःचं अंगण दिसलं. पालथा रांजण, त्यावर लाल मिरच्या. आणि झऱ्याच्या चढणीवर रुफिना, कमरेवर घागर, उभी राहून दम घेत असलेली. सरळ खाली सेल्सोचा वर वळलेला चेहरा. या माणसाच्या गाठीवर आपण सगळा भार टाकून उभे आहोत आणि आपल्याला भीती वाटत नाही, हे प्लासिदोला तिथंच कळलं. हात राठ होते म्हणून ही गाठ बसली नव्हती. दुपारभर सोडून बांधत राहिला म्हणून बसली होती.

माडावरचा आवाज लांब जातो. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत निरोप आम्ही असेच देतो. प्लासिदोनं छाती भरून घेतली.

"सेल्सो!"

"जी, तियो!"

"माझ्या घरात पाणी नाही! म्हातारी एकटी चढण चढतेय, तुला दिसत नाही का?"

सगळ्या माना सेल्सोकडे वळल्या. सेल्सो सावकाश म्हणाला, "रांजण पालथा आहे, तियो."

"तो मी केलाय. मीच सुलटा करीन. तू कावड घे!"

"तुम्ही उतरेपर्यंत मला इथून हलता येत नाही."

"मग थांब तिथंच, बैला," प्लासिदो म्हणाला, आणि उरलेला साकव असा चालला की नीट बघता यावं म्हणून मुकादमानं छत्री मिटून टाकली.

खाली उतरल्यावर तो तडक लंगडत घरी गेला, मिरच्या पदरात घ्याव्यात तशा सदऱ्यात गोळा केल्या, रांजण दोन्ही हातांनी उचलून सरळ केला आणि आत हात घालून कोळ्याची जाळी पुसली. देल्फिन मागं उभा होता.

"पिलारच्या दुकानातून तुला ओढत आणलं होतं," प्लासिदो त्याच्याकडे न बघता म्हणाला. "कान दुखला होता का फार?"

"अजून दुखतो."

"दुखणारच. माझा हात जड." त्यानं रांजणाचं बूड दगडांवर नीट बसवलं, डुगडुगतंय का बघितलं. "त्या दिवशी चुलीपाशी जो शब्द बोललो, तो पुन्हा या घरात कुणी बोलणार नाही. मीही नाही, दुसऱ्याला बोलूही देणार नाही."

देल्फिन पुढे आला आणि रांजणाची दुसरी बाजू धरली. गरज नव्हती, रांजण बसला होता. तरी दोघं तो धरून उभे राहिले. सेल्सो कावड घेऊन चढण चढून आला, रुफिनाची घागरही त्यानंच घेतली होती. पाणी पडायला लागलं, आधी मोकळ्या भांड्याचा घुमणारा आवाज, मग भरत आलेला.

"पुरे का, ताता..." सेल्सोची जीभ घसरली.

"तियोच म्हण अजून. मी माझ्या सासऱ्याला तीन वर्षं तियो म्हणत होतो. घाई करू नकोस, सरपणही संपलंय."

रुफिना हसायला लागली ती थांबेच ना.

संध्याकाळी शेडाबाहेर नव्या माडीचं पहिलं मडकं निघालं. मुकादम झाडांचं बोलून गेला होता, झाडं प्लासिदोकडेच राहिली. पिलारही आला होता, प्लासिदोनं स्वतः जाऊन बोलावलं होतं. पेला मधे ठेवला होता. ओतायचा मान कुणाचा, म्हणून गडी एकमेकांकडे बघत होते. प्लासिदोनं मडकं उचलून सेल्सोच्या मांडीवर ठेवलं.

सेल्सोनं ओतलं, रीतीप्रमाणे पहिला पेला आपण घेतला, पुन्हा भरला आणि पहिल्या बसलेल्या माणसापुढे केला. तो इस्को होता. इस्कोचा हात खिशाकडे गेला.

"फडका राहू दे, इस्को," प्लासिदो म्हणाला. आवाज चढवला नाही. "माडी माझी, पेला माझा, ओतणारा माझ्या घरचा."

इस्कोनं आजूबाजूला बघितलं. कुणी हसलं नाही. खिशातला हात त्यानं रिकामा बाहेर काढला, पेला घेतला आणि प्यायला.

"कशी आहे?" प्लासिदोनं विचारलं.

"गोड आहे," इस्को म्हणाला.

"मग पुढं दे. पिलार कधीचा थांबलाय."